दाजींची पाठ आणि भाचीचं बिऱ्हाड

दाजींची पाठ उशीमुळे गेली. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण ते स्वतः भेटेल त्याला तिजोरी सांगतात.

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान आणि धंद्यातले माझे जोडीदार. धंदा बिऱ्हाडं हलवण्याचा. माणसं तीन: दाजी, मी आणि ड्रायव्हर. सुट्टीच्या दिवशी सगळं जग घर बदलतं, म्हणून आम्हाला सुट्टी ठाऊक नाही. कपाट जिन्यानं चढवायचं तर एक जण वर लागतो, एक खाली. वरचा उलटा चालत "डावीकडे घ्या, कोपरा सांभाळा" असं ओरडतो, आणि वजन सगळं खालच्याच्या अंगावर येतं. सव्वीस वर्षं मी वर, दाजी खाली. कपाट उघडून, फळ्या सुट्या करून न्यायचं त्यांच्यापुढे नाव काढायची सोय नव्हती. "उघडलं की ते कपाट राहत नाही, जळण होतं," म्हणायचे. कपाट अख्खं जाणार आणि आरशासकट जाणार, यावर ते कधी कुणाचं ऐकत नसत.

त्या दिवशी आम्ही एका वकिलाची तिजोरी तिसऱ्या मजल्यावर नेली. दाजींना धड धापसुद्धा लागली नाही. तिजोरी जागेवर बसली, दाजींनी हात झटकले, आणि तेवढ्यात वकिलाच्या बायकोच्या काखेतली उशी खाली पडली. दाजी गुडघे ताठ ठेवून कमरेतून वाकले, उशी उचलली, "घ्या वहिनी" म्हणाले, आणि तसेच राहिले. वहिनींना वाटलं, अदबीनं वाकलेत. "अहो असू द्या, एवढं काय," त्या लाजून म्हणाल्या. मी म्हटलं, "दाजी, झालं की आता. उठा." दाजी जमिनीकडे बघत म्हणाले, "येत नाहीये."

मग त्यांना तसंच काटकोनात खाली आणलं. जिन्याच्या वळणावर जरा नाकी नऊ आले, पण काटकोनी सामान आम्हाला काही नवं नाही.

पुढची चूक माझी. कबूल करतो, पण आमच्या धंद्यातल्या कुणीही तीच केली असती. तडा गेलेली वस्तू हलवायची नाही, हा आमचा पहिला नियम. तिला फळीवर घट्ट बांधायचं, चारी बाजूंनी ब्लँकेट, कोपऱ्यांना पुठ्ठा, वर 'नाजूक' अशी चिठ्ठी, आणि जाणकार माणूस बघेपर्यंत कुणी बोट लावायचं नाही. मी दाजींना घरी नेऊन, पलंगावर फळी टाकून, असंच बांधलं. खांद्यांना पुठ्ठा लावला. ड्रायव्हरनं 'ही बाजू वर' असा बाण आणला, आणि तो छातीवर चिकटवायचा की कपाळावर यावरून आमची चांगलीच जुंपली.

अकरा दिवस दाजी तसे पडून होते. जेवायला आणि संडासला तेवढे पट्टे सुटायचे. ताई दोन दिवस गप्प बसली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अरे, माझा नवरा आहे की पार्सल?" मी म्हटलं, "ताई, तुला यातलं काही कळत नाही." पाठ सुटायची ती आणखीच आखडली. अकराव्या दिवशी त्यांना कूस बदलायलाही दोन माणसं लागायला लागली. मी आणखी एक ब्लँकेट आणलं.

त्याच संध्याकाळी भाची खोलीत आली. दाजींची एकुलती एक लेक, चोवीस वर्षांची, चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. तिला दुकानाजवळ स्वतःची जागा मिळाली होती, पाचव्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सहा आठवड्यांनी किल्ली हातात येणार होती.

"मी दुसरी माणसं ठरवते, बाबा," ती म्हणाली.

दाजी ब्लँकेटमधून गरजले, "माझ्या पोरीच्या सामानाला परका हात लागणार नाही!"

"तुझा तरी कुठे लागलाय?" ती म्हणाली. "मी शाळेत गेले, नापास झाले, पास झाले, नोकरीला लागले. दर वेळी तू कुणाचं तरी कपाट चढवत होतास."

तिनं आवाज जरासुद्धा चढवला नाही, म्हणून ते जास्त लागलं. दाजी छताकडे बघत राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना, तेव्हा मी उगाच एक पट्टा सैल करून पुन्हा आवळला. ती गेल्यावर ते म्हणाले, "सहा आठवड्यांत मला जिना चढायचाय. तिचं बिऱ्हाड मी नेलं नाही ना, तर ती मला कायमची गेली. कळतंय का तुला?"

कळत होतं. मला काय मन नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांना फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे न्यायचं ठरलं. दवाखाना चपलांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. पाठ धरलेल्या माणसांनी दोन जिने चढून यायचं, ही कुणाच्या डोक्यातली अक्कल देव जाणे. आरसा कधी आडवा नेत नाहीत, म्हणून दाजींना ट्रॉलीवर उभं करून बांधलं. मी वर, ड्रायव्हर खाली, मधे दाजी. आता ज्या माणसाचा जन्म जिन्यात गेला तो गप्प कसा बसेल? "अरे उजवीकडे घे! कठड्याला घासेल! खालचा पाय कोण बघणार, तुझा बाप?" असं करत दाजींनी स्वतःचंच सामान स्वतः वर आणवलं.

बाईंनी दार उघडलं. चणीनं लहान, मनगटं काडीसारखी, चष्मा डोक्यावर ढकललेला. त्यांनी तो उभा गठ्ठा वरपासून खालपर्यंत पाहिला आणि म्हणाल्या, "मी काही मागवलं नव्हतं."

गठ्ठा म्हणाला, "नमस्कार."

पुढची दहा मिनिटं नुसते पट्टे सोडण्यात गेली. बाईंचा पारा चढत होता. "अकरा दिवस? बांधून? कुणी सांगितलं हे?" ड्रायव्हरनं प्रश्न संपायच्या आतच माझ्याकडे बोट दाखवलं. असली माणसं घेऊन मी धंदा करतो.

"कसं झालं?" बाईंनी विचारलं.

"तिजोरी," दाजी म्हणाले, आणि रंगात आले. पहिल्या वाक्यात तिजोरीला दोन माणसं लागत होती, चौथ्या वाक्यात सहा. माझं डोकं फिरलं. "उशी!" मी ओरडलो. "बाई, उशी होती. अभ्र्यासकट!"

पुढे दोन दिवस दाजी माझ्याशी बोलले नाहीत. पण बाई हसल्या नाहीत. "बहुतेकांची अशीच जाते," त्या म्हणाल्या. "जड उचलताना माणूस सावध असतो. उशीपुढे कोण सावध असतं?"

मग त्यांनी पायात मुंग्या येतात का, लघवीला काही त्रास होतो का, ताप होता का, सगळं विचारलं. दाजींना झोपवून एकेक पाय सरळ वर उचलून पाहिला, टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं. "नस दबलेली दिसत नाही," त्या म्हणाल्या. "स्नायू धरलेत, आणि बांधून ठेवल्यामुळे जास्त धरलेत. फोटो काढायची गरज नाही." दाजींचा चेहरा पडला. सव्वीस वर्षं जगाचं ओझं वाहिलं आणि पाठीचा एक साधा फोटो नाही!

"शून्य ते दहापैकी किती दुखतंय?"

दाजींना आकडा सुचेना. बराच वेळ विचार करून ते म्हणाले, "फ्रिज."

"म्हणजे?"

"सकाळी उठताना फ्रिज. दुपारी टेबल. संध्याकाळी खुर्ची, पण हातांची."

बाईंनी पेन थांबवलं, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि निमूटपणे लिहून घेतलं. त्यानंतर त्या दारातच विचारायच्या, "आज काय?" आणि दाजी सांगायचे, "स्टूल. जिना चढताना कपाट होतं, पण रिकामं."

निघताना त्यांनी मला बाजूला घेऊन खडसावलं. "त्यांची पाठ काही आरसा नाही, हलवल्यावर फुटायला. बिजागरीसारखी आहे, वापरली नाही तर धरते. थोडं दुखलं म्हणून घाबरायचं नाही. हलवायचं. रोज. आणि ते पट्टे पुन्हा दिसले ना, तर तुम्हाला बांधीन."

व्यायाम दिले चार. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर वर उचलायची. हातागुडघ्यांवर ओणवं होऊन पाठ मांजरासारखी फुगवायची, मग हळू सोडायची. दिवसातून तीनदा दहा मिनिटं चालायचं, मग हळूहळू वाढवायचं. आणि झाडूची काठी पाठीला उभी धरून वाकायचं: डोकं, पाठ, माकडहाड, तिन्ही ठिकाणी काठी टेकलेली राहिली पाहिजे, म्हणजे घडी कमरेत न पडता खुब्यात पडते. पहिल्या दिवशी दाजींनी काठी लावली आणि म्हणाले, "अरेच्चा! मी आजवर चुकीच्या ठिकाणी वाकलो!" त्यांना इतकं वाईट वाटलं की ताईनं पाणी दिलं.

तिसऱ्या आठवड्यात बाईंनी त्यांना कामावर जायची परवानगी दिली, हलकंसलकं उचलायच्या बोलीवर. ते आले ते काठी घेऊनच. आता कुणीही कुठंही वाकलं की दाजी काठी घेऊन हजर. ड्रायव्हरची किल्ली पडली, "थांब!" घरमालकीण बुटाची नाडी बांधतेय, "थांबा वहिनी!" आणि तिच्या पाठीला काठी. एका गिऱ्हाइकानं तर त्यांना घराबाहेर काढलं होतं. मला समजूत घालावी लागली.

व्यायाम एकट्यानं करायची त्यांना लाज वाटायची, म्हणून आम्हालाही करायला लावायचे. एका निवृत्त मास्तरांच्या रिकाम्या दिवाणखान्यात आम्ही तिघं हातागुडघ्यांवर ओणवे, पाठी फुगवलेल्या, आणि मास्तर पाण्याचा तांब्या घेऊन दारात. "काही हरवलंय का?" त्यांनी विचारलं. दाजींची मान खाली. म्हणाले, "मांजर." त्या भल्या माणसानं अर्धा तास सगळ्या खोल्या धुंडाळल्या, आणि आम्हाला तोंड उघडायची सोय राहिली नाही. एक मात्र सांगतो, त्या दिवसांत माझी स्वतःची कंबर दुखायची थांबली. हे मी दाजींना अजून बोललो नाही, आणि बोलणारही नाही.

सहा आठवडे झाले. भाचीला किल्ली मिळाली. सगळं सामान ट्रकमध्ये भरून आम्ही तिच्या नव्या घराखाली उभे राहिलो. मी बाह्या सरसावल्या. दाजी म्हणाले, "थांब. बाईंनी मर्यादा घातलीय. एका वेळी आठ किलो. दिवसाला आठ फेऱ्या."

"मग तुम्ही बसा. मी आणि ड्रायव्हर दोन तासांत सगळं वर नेतो."

"परका हात लागणार नाही असं मी म्हणालोय."

"मी परका? मी तिचा सख्खा मामा!"

"तू बरोबर राहा. उचलायचं नाही."

अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण पुढं जे झालं ते मी सव्वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. दाजींनी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, आणि भाचीचं कपाट उघडलं. दारं काढली, आरसा काढला, फळ्या, पाय, मागची पाठ, सगळं सुटं केलं. एकेक तुकडा हातात तोलून म्हणायचे, "सात. हे साडेसात. हे दोन मिळून आठ." पुस्तकं मोजून बांधली. गादी अकरा किलो भरली म्हणून ती ट्रकमध्येच राहिली आणि पोरगी खुर्चीच्या गाद्यांवर झोपली. मग काठीशिवाय, खुब्यातून वाकून, दाजींनी पहिला गठ्ठा छातीशी धरला आणि चढायला लागले.

दर मजल्यावर दोन मिनिटं थांबायचं. चार फेऱ्या झाल्या की वरच्या रिकाम्या खोलीत चटई टाकून व्यायाम. आठ फेऱ्या झाल्या की दिवस संपला. ट्रक गल्लीत आडवा उभा. शेजारीपाजारी कुरकुर करून थकले आणि वळसा घालून जायला लागले. ड्रायव्हरनं ट्रकच्या टपावर कपडे वाळत घातले आणि बॉनेटवर एक कुंडी ठेवली. आमची तीन गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. मी खाली उभा राहून सगळ्यांची बोलणी खात होतो.

भाचीनं दुकानातून रजा घेतली होती. पहिल्या दिवशी ती हातात घड्याळ धरून दाजींच्या मागं चढली आणि दर मजल्यावर सुस्कारे टाकले. दुसऱ्या दिवशी पायरीवर त्यांच्या शेजारी बसली. तिसऱ्या दिवशी चहाचा थर्मास आला. मग जिन्यातून त्यांच्या बोलण्याचा आवाज खाली यायला लागला, शब्द कळायचे नाहीत, मधेच ती खळखळून हसायची. दोन मिनिटांचा थांबा वीस मिनिटांवर गेला. मी खालून ओरडायचो, "आहात का गेलात?"

आणि मला एक गोष्ट खटकत होती. चार दिवसांत बत्तीस फेऱ्या झाल्या, तरी ट्रक काही रिकामा दिसेना.

पाचव्या दिवशी माझा संयम संपला. मी तडक बाईंकडे गेलो. "बाई, तुमच्या आठ किलोंनी आमचा धंदा बसला. निदान दहा तरी करा."

"कसले आठ किलो?" बाई म्हणाल्या.

मी सांगितलं. त्यांनी कागद काढला, चष्मा डोक्यावरून नाकावर आणला. "त्यांना तर मी बारा दिवसांपूर्वीच मोकळं केलं. शेवटच्या दिवशी त्यांनी हे माझं टेबल एका टोकाला नीट वाकून उचललं. काही दुखलं नाही. मी सांगितलं, हळूहळू सगळं उचला, फक्त खुब्यातून वाका आणि व्यायाम सोडू नका. बघा, लिहिलंय." शेवटच्या तारखेपुढं त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'टीपॉय. तोही कधीमधी.'

येताना मी सगळ्या रस्त्यानं शिव्या जुळवत आलो. खोटारडा माणूस! सख्ख्या मेहुण्याला पाच दिवस उन्हात उभं करतो! आज भर जिन्यात, तिच्यासमोर, पाणउतारा करायचा असं ठरवून ट्रकपाशी आलो, तर भाची इमारतीतून बाहेर येत होती. हातात कपाटाचा खण. चोरासारखी इकडंतिकडं बघत तिनं तो ट्रकमध्ये ठेवला, वळली, आणि समोर मी.

"ओरडू नको मामा," ती घाईनं म्हणाली. "बाबा वर व्यायाम करतोय. अजून पाच मिनिटं आहेत."

"हा खण काल वर गेला होता ना?"

"परवा."

"मग खाली का आणलास?"

"रोज चारपाच आणते."

मी कपाळाला हात लावला. "अगं बये, तुझ्या बापाची पाठ ठणठणीत आहे. मी आत्ता बाईंकडून येतोय. तो आपल्याला बनवतोय."

"माहितीये," ती म्हणाली. "परवा माझा पाय घसरला. त्यानं एका हातात गठ्ठा धरला आणि दुसऱ्या हातानं मला वर ओढलं. चेहऱ्यावर आठी नाही."

"मग बोलली का नाहीस?"

ती ट्रकच्या फळीला टेकली. डोळे भरून आले होते तिचे. "काल चौथ्या मजल्यावर त्यानं मला सांगितलं, मी जन्मले तेव्हा तो कुठं होता. कुणाच्या तरी जिन्यात, वळणावर, टेबल अडकलं होतं. निरोप आला, पण तो खालच्या बाजूला होता. सोडलं असतं तर टेबल अंगावर आलं असतं. दोन तास तसाच उभा होता म्हणे, आणि रडत होता. आजवर कुणाला बोलला नाही."

त्या टेबलाच्या वरच्या टोकाला मी होतो. मला वाटलं होतं, घाम आहे.

"तो सगळं क्रमानं सांगतोय मामा," ती म्हणाली. "मी आजारी पडले तेव्हा कुठलं कपाट होतं, शाळेत पहिल्यांदा गेले तेव्हा कुठला जिना होता. सगळं लक्षात आहे त्याच्या. आणि आम्ही अजून मी सहा वर्षांची होईपर्यंतच आलोय."

वरून, पाचव्या मजल्याच्या खिडकीतून, दाजींची हाक आली. "अरे, खाली किती राहिलंय?"

मी ट्रकमध्ये चढलो. तो खण उचलला, खुब्यातून वाकून, आणि पार आत, गादीच्या मागं नेऊन ठेवला. मग बाहेर येऊन मान वर केली.

"बरंच आहे, दाजी," मी ओरडलो. "आज काही उरकत नाही. उद्या बघू."